दरमहा वर्गणीवर इंटरनेटवरून मिळणारे सॉफ्टवेअर नेमके कसे चालते आणि कंपन्या ते का स्वीकारतात?

तुमचा प्रश्न असा आहे की, व्यवसायासाठी सॉफ्टवेअर घ्यायला गेल्यावर बहुतेक विक्रेते आता ते एकरकमी विकत नाहीत, दरमहा किंवा दरवर्षी वर्गणी मागतात आणि इंटरनेटवरून वापरायला सांगतात. हे आतून कसे चालते, आणि कायम पैसे भरावे लागत असूनही कंपन्या ते का पत्करतात. अशा सेवा चालवणाऱ्या तांत्रिक चमूंबरोबर मी बरीच वर्षे काम करत आले आहे, त्यामुळे शक्य तेवढे आतल्या बाजूने सांगते. माझे मुख्य म्हणणे आधीच मांडते: वर्गणीतला मोठा वाटा प्रोग्रॅमसाठी नसतो, तो प्रोग्रॅम अहोरात्र चालू, सुरक्षित आणि अद्ययावत ठेवण्याच्या जबाबदारीसाठी असतो. हे ध्यानात ठेवले की या पद्धतीचे फायदे आणि धोके दोन्ही उलगडू लागतात.

आधी जुनी पद्धत पाहू. पूर्वी कंपनी सॉफ्टवेअरचा परवाना विकत घेई, त्यासाठी सर्व्हर (इतरांच्या संगणकांना सेवा पुरवणारा संगणक) घेई, डेटाबेस (नोंदींचा मांडून ठेवलेला साठा) उभा करी, रोजच्या बॅकअपची व्यवस्था लावी आणि हे सारे सांभाळायला माणूस नेमी. त्यात पैसे एकदाच द्यावे लागत असे म्हटले जाते, पण ते पुरते खरे नाही. दुरुस्त्या, नव्या आवृत्त्या आणि मदत हवी असेल तर परवान्याच्या किमतीच्या साधारण २० टक्के इतके वार्षिक देखभाल शुल्क घेण्याची या व्यवसायात जुनी रीत आहे. म्हणजे पाच वर्षांत जवळपास मूळ किमतीएवढी रक्कम पुन्हा जात असे. विक्रेत्याची अडचण निराळी होती. कोणा ग्राहकाकडे तीन वर्षांपूर्वीची आवृत्ती असे, कोणाकडे कालची, आणि प्रत्येकाचा सर्व्हर वेगळा. एखादा सुरक्षाविषयक दोष सापडला तर त्याची दुरुस्ती तयार करता येई, पण ती हजारो ठिकाणी खरोखर बसवली गेली आहे याची हमी कोणीच देऊ शकत नसे.

नव्या पद्धतीत सॉफ्टवेअर विक्रेत्याच्या ताब्यातील सर्व्हरवर चालते. हे सर्व्हर बहुधा त्याच्या मालकीचेही नसतात. ते ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट किंवा गूगल यांच्यासारख्या क्लाउड कंपन्यांकडून भाड्याने घेतलेले असतात. तुम्ही ब्राउझरमध्ये लॉगिन करून एखादे बटण दाबता तेव्हा तुमची विनंती कूटबद्ध होऊन, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येणार नाही अशा रूपात, तिथे पोहोचते, मोकळ्या असलेल्या एखाद्या सर्व्हरकडे सोपवली जाते, तो डेटाबेसमधून माहिती काढतो आणि उत्तर परत पाठवतो. त्या सर्व्हरवर तुमची कायमची नोंद सहसा ठेवलेली नसते, ती डेटाबेसमध्ये असते. म्हणून एखादा सर्व्हर बंद पडला तरी पुढची विनंती दुसरा हाताळतो आणि गर्दी वाढली की नवे सर्व्हर जोडता येतात.

या रचनेतला सर्वांत महत्त्वाचा भाग वापरणाऱ्याला कधीच दिसत नाही. तो म्हणजे एकाच चालू प्रोग्रॅमवर, आणि पुष्कळदा एकाच डेटाबेसमध्ये, हजारो कंपन्यांचे काम एकत्र चालणे. डेटाबेसमधील प्रत्येक ओळीवर ती कोणत्या ग्राहकाची आहे हे सांगणारा क्रमांक असतो, आणि प्रोग्रॅमने केलेल्या प्रत्येक विचारणेत ‘फक्त या क्रमांकाच्या ओळी’ ही अट असावी लागते. ही अट एका ठिकाणी जरी सुटली तरी एका कंपनीची माहिती दुसरीला दिसू शकते, म्हणून चांगले चमू ती प्रोग्रॅमरच्या स्मरणशक्तीवर सोपवत नाहीत. डेटाबेसच्याच पातळीवर ती सक्तीची करतात. काही विक्रेते प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र डेटाबेस देतात. त्यात विलगीकरण अधिक भक्कम होते, खर्चही वाढतो, आणि मोठ्या किंवा कडक नियमांखालील ग्राहकांसाठीच तो सहसा परवडतो. सर्वांचा प्रोग्रॅम एकच असल्यामुळे तुमच्यापुरता त्यात बदल करून मिळत नाही. जे काही वेगळेपण हवे ते सेटिंगमधून, जादा रकान्यांमधून किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरशी जोडणी करून मिळवावे लागते. ज्यांची कामाची पद्धत अगदी निराळी आहे त्यांना ही मर्यादा जाचते, आणि त्यांची तक्रार रास्त असते.

एकच प्रोग्रॅम असण्याचा दुसरा परिणाम अपडेटमध्ये दिसतो. नवी आवृत्ती आधी थोड्या ग्राहकांसाठी चालू केली जाते, चुकांचे प्रमाण वाढत नाही ना हे पाहिले जाते, मग ती हळूहळू सर्वांपर्यंत नेली जाते. बिघाड दिसला तर मागे घेतली जाते. कित्येक सेवांमध्ये हे दिवसातून अनेकदा घडते आणि वापरणाऱ्याला कळतही नाही. सुरक्षेतील दोषाची दुरुस्ती विक्रेत्याने एकदा केली की ती सर्व ग्राहकांसाठी झालेली असते. माझ्या मते या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे, आणि खर्चाच्या चर्चेत त्याचे मोल फार कमी लेखले जाते. अर्थात तुम्हाला सवयीचा झालेला पडदा एका सकाळी बदललेला दिसला, तर जुन्याकडे परत जाण्याचा मार्गही बहुधा नसतो.

दूरच्या संगणकावरील सेवा भाड्याने वापरण्याची ही कल्पना नवी नाही. १९६१ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत एकाच मोठ्या संगणकाचा वेळ अनेकांना वाटून देणारी प्रणाली दाखवली गेली होती, आणि त्यानंतरच्या काळात संगणकाचा वेळ भाड्याने देणे हा मोठा व्यवसाय झाला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस काही कंपन्यांनी दुसऱ्यांचे तयार सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर बसवून ते इंटरनेटवरून देऊ केले, पण त्या प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी प्रत चालवत असत. ग्राहक वाढले की काम आणि खर्च त्याच प्रमाणात वाढे, आणि त्यांतील अनेक कंपन्या टिकल्या नाहीत. १९९८ मध्ये सुरू झालेली नेटसूट आणि १९९९ मध्ये सुरू झालेली सेल्सफोर्स या व्यावसायिक सॉफ्टवेअरच्या कंपन्यांनी मात्र आपले सॉफ्टवेअर पहिल्यापासूनच इंटरनेटवरून देण्यासाठी लिहिले. २००६ मध्ये ॲमेझॉनने सर्व्हर आणि साठवणूक भाड्याने द्यायला सुरुवात केल्यावर तर अशी सेवा उभारण्यासाठी स्वतःचे डेटा सेंटर असण्याची गरजच उरली नाही. मायक्रोसॉफ्टचे ऑफिस ३६५ २०११ मध्ये आले. २०१३ मध्ये ॲडोबीने आपल्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या यापुढे फक्त वर्गणीवरच मिळतील असे जाहीर केले. त्या वर्षी कंपनीचे उत्पन्न घटले, कारण एकरकमी येणारा पैसा आता महिन्यांमध्ये विभागून येऊ लागला होता, आणि काही वर्षांतच ते पूर्वीच्या पुढे गेले.

विक्रेत्यांना ही पद्धत का हवी असते हे यावरून दिसतेच, पण त्यांच्यावर तिचा जो धाक असतो तोही समजून घ्या. दरमहा २ टक्के ग्राहक सोडून जात असतील तर वर्षभरात साधारण २१.५ टक्के जातात; दरमहा ५ टक्के गेले तर वर्षात जवळजवळ ४६ टक्के. परवाना विकला की पैसा हाती येत असे आणि ग्राहक खूश आहे की नाही हा प्रश्न देखभाल करार संपेपर्यंत पुढे ढकलता येई. वर्गणीत मात्र ग्राहक मिळवण्यासाठी केलेला खर्च भरून निघायलाच कित्येक महिने लागतात, त्यामुळे तो आधीच निघून गेला तर विक्रेत्याचा तोटा होतो. ग्राहकाला सॉफ्टवेअर खरोखर उपयोगी पडते आहे का, याकडे लक्ष देणे विक्रेत्याला या गणिताने भाग पाडले, आणि त्याचा लाभ तुम्हाला होतो.

आता कंपन्या ते का स्वीकारतात. सुरुवातीचा मोठा खर्च टळतो हे सर्वांना माहीत असलेले कारण. सर्व्हर विकत घेण्याची मंजुरी, खरेदी आणि बसवणी यांत जाणारे महिने वाचतात, आणि एखादा विभाग आठवड्याभरात वापर सुरू करू शकतो. माणसे वाढली की खाती वाढवता येतात. कमी झाली की करार संपताना कमी करता येतात. हिशेबाच्या दृष्टीनेही फरक पडतो. आंतरराष्ट्रीय लेखामानकांचा अर्थ लावणाऱ्या समितीने मार्च २०१९ मध्ये असे स्पष्ट केले की, विक्रेत्याच्या सर्व्हरवरील सॉफ्टवेअर ठरावीक मुदतीत वापरण्याचा निव्वळ हक्क देणारा करार हा सेवा करार असतो. त्यातून ग्राहकाकडे सॉफ्टवेअर नावाची मालमत्ता निर्माण होत नाही. त्यामुळे ही रक्कम सर्वसाधारणपणे भांडवली खर्चात न जाता चालू खर्चात पडते. काही वित्तप्रमुखांना हे सोयीचे वाटते, काहींना अजिबात नाही.

मला मात्र यापेक्षा वेगळे कारण खरे वाटते. सर्व्हर सांभाळणे, रात्री बॅकअप नीट झाला का ते पाहणे, दोष दुरुस्त करणे ही कामे बहुतेक कंपन्यांचा मुख्य व्यवसाय नसतात. लहान कंपनीत ती एखाद्या माणसाच्या अंगावर जादा म्हणून पडतात. तो रजेवर गेला की कोणीच पाहत नाही, आणि नोकरी सोडून गेला की पासवर्डसुद्धा सापडत नाहीत. हीच कामे दिवसभर करणाऱ्या चमूकडे ती सोपवली तर बहुधा अधिक चांगली होतात.

एकरकमी खरेदी स्वस्त पडत नाही का, असे तुम्हाला वाटत असेल तर प्रामाणिक उत्तर आहे की काही वेळा पडते. वापरणाऱ्यांची संख्या मोठी आणि स्थिर असेल, काम वर्षानुवर्षे बदलत नसेल आणि सर्व्हर सांभाळणारी माणसे आधीपासून असतील, तर आठ-दहा वर्षांचा हिशेब विकत घेण्याच्या बाजूने झुकू शकतो. तुलना करताना दोन्ही बाजू पूर्ण मांडा: एकीकडे परवाना, सर्व्हर, वीज, देखभाल शुल्क, सांभाळणाऱ्याचा वेळ आणि दर काही वर्षांनी येणारे मोठे स्थलांतर, दुसरीकडे वर्गणी, तिची संभाव्य दरवाढ, आणि वापरात नसूनही चालू राहिलेली खाती. हा शेवटचा खर्च मला जवळजवळ सर्वत्र दिसला आहे, आणि तो थांबवण्यासाठी दर तिमाहीला यादी तपासण्याखेरीज काही लागत नाही.

धोक्यांबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण विक्रीच्या बोलण्यात ते येत नाहीत. करारात ९९.९ टक्के उपलब्धतेची हमी वाचायला भक्कम वाटते, पण तिचा अर्थ वर्षाला पावणेनऊ तास सेवा बंद राहिली तरी करार मोडत नाही असा होतो. आणि मोडलाच तर भरपाई सहसा पुढच्या बिलातील सवलतीच्या रूपात मिळते, तुमच्या बुडालेल्या कामाची नव्हे. एप्रिल २०२२ मध्ये ॲटलासियन या सॉफ्टवेअर कंपनीत देखभालीसाठी चालवलेल्या स्क्रिप्टला (आपोआप काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला) चुकीचे क्रमांक दिले गेले आणि सुमारे ७७५ ग्राहकांची खाती पुसली गेली. बॅकअप होते, तरीही काहींना १४ दिवसांपर्यंत थांबावे लागले, कारण एकत्रित साठ्यातून इतर ग्राहकांना धक्का न लावता मोजक्याच ग्राहकांची माहिती परत बसवणे हे अतिशय संथ काम ठरले. वर ज्या एकत्र रचनेचे गुण सांगितले तिचीच ही दुसरी बाजू आहे. विक्रेता बंद पडण्याची शक्यताही धरून चालावे. २०१३ मध्ये निर्वाणिक्स या क्लाउड साठवणूक देणाऱ्या कंपनीने गाशा गुंडाळताना ग्राहकांना आपला डेटा हलवायला सुमारे दोनच आठवडे दिले होते.

काही जबाबदाऱ्या विक्रेत्याकडे कधीच जात नाहीत हेही ध्यानात ठेवा. कोणाला खाते द्यायचे, नोकरी सोडलेल्याचे खाते केव्हा बंद करायचे, दुहेरी पडताळणी सक्तीची करायची की नाही, हे तुम्हीच ठरवता. तुमच्या कर्मचाऱ्याने चुकून पुसलेली नोंद सेवेच्या दृष्टीने पुसण्याची वैध आज्ञाच असते, आणि ती किती दिवस परत मिळू शकते हे करारात पाहावे लागते.

बाहेर पडण्याच्या वाटेबद्दल कायदेही हळूहळू जागे होत आहेत. युरोपीय संघाचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून, ग्राहकाला एका सेवेकडून दुसरीकडे जाता यावे अशी सक्ती त्यात आहे. १२ जानेवारी २०२७ पासून अशा स्थलांतरासाठी वेगळे शुल्क आकारता येणार नाही. इतरत्र ही हमी बहुतांशी करारातूनच मिळवावी लागते.

म्हणून निवड करताना वैशिष्ट्यांची यादी पाहण्याआधी एक गोष्ट करा. चाचणीच्या मुदतीतच खऱ्या कामासारख्या काही नोंदी आणि जोडपत्रे भरा, मग तो सर्व डेटा बाहेर काढा आणि दुसऱ्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहा. जोडपत्रे आली का, कोणती नोंद कोणत्या नोंदीशी जोडलेली होती ते कळते का, तारखा आणि बदलांचा इतिहास टिकला का, हे तपासा. त्यात उणिवा दिसल्या आणि विक्रेता त्या लेखी मान्य करून मार्ग सांगत असेल तर वार्षिक कराराचा विचार करायला हरकत नाही. तो टाळाटाळ करत असेल तर वार्षिक सवलत सोडून मासिक वर्गणीच घ्या, आणि दर महिन्याला आपल्या डेटाची एक प्रत स्वतःकडे उतरवून ठेवा.