घड्याळाचं नंतर बघा, आधी प्लेटचा क्रम सांगा

तीन वेगवेगळ्या वंशगटांतल्या साठीपुढच्या लोकांचं रक्त जमलंय, पुढच्या महिन्यात ते मिथायलेशनसाठी (डीएनएवरच्या रासायनिक खुणा मोजायला) लॅबला जाणार आणि तुम्ही विचारताय की कुठलं एपिजेनेटिक घड्याळ, म्हणजे त्या खुणांवरून शरीराचं वय काढणारं सूत्र, वापरू. वाचून पोटात गोळाच आला. चार वर्षांपूर्वी मीही हाच प्रश्न विचारत फिरत होते, आणि खरी चूक भलतीकडेच होत होती.

संमतीपत्रं, उपाशीपोटी रक्त, उणे ८० चा फ्रीजर हे सगळं तुम्ही केलंच असेल, त्यात शिरत नाही.

आमची सॅम्पल्स जिथे साठवली होती, तिथल्या कार्यालयाने परवानगीच्या एका कागदासाठी आम्हाला सात महिने झुलवलं. दर खेपेला नवा फॉर्म, नाहीतर सही करणारे रजेवर. अखेर खोकी आली ती गटवार: एका गटाच्या नळ्यांना निळी झाकणं, दुसऱ्याच्या नळ्यांना पांढरी. निधीची मुदत संपत आलेली. आम्ही खोकी उघडली आणि हाताला येतील तशा नळ्या प्लेटवर, म्हणजे बरेच नमुने एकत्र तपासायच्या खाचांच्या ताटलीवर, चढवल्या. पहिल्या दोन प्लेट्स सगळ्या निळ्या, पुढच्या दोन सगळ्या पांढऱ्या.

निकाल काय देखणा आला! पांढऱ्या झाकणांचा गट जैविक वयाने साडेतीन वर्षांनी पुढे. ताण, गरिबी, अपुरी झोप अशी कारणं देऊन मी शोधनिबंधातला चर्चेचा भागही लिहून टाकला. मग एका परीक्षकाने एवढंच विचारलं, 'प्लेट क्रमांकाचा रकाना कुठे आहे?' तो रकाना शीटमध्ये घातला, तर गट आणि प्लेट म्हणजे एकच माहिती दोनदा लिहिलेली. नशिबाने पडताळणीसाठी एकाच माणसाचं डीएनए पहिल्या आणि चौथ्या प्लेटवर ठेवलं होतं. चौथ्या प्लेटवर तोच माणूस तीन वर्षांनी म्हातारा!

'बॅच इफेक्ट नंतर सॉफ्टवेअरने काढू' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. (बॅच इफेक्ट म्हणजे निव्वळ प्लेट वेगळी म्हणून आलेला फरक.) गट आणि प्लेट पूर्ण एकमेकांत अडकले असतील तर प्लेटचा परिणाम काढताना गटातला खरा फरकही धुऊन जातो. त्यावर उपाय नाही. (मी संख्याशास्त्रज्ञ नाही, चार प्लेट्स वाया घालवलेली बाई आहे. तुमच्याकडे जाणकार असेल तर त्यालाही दाखवा.)

तेव्हा प्रत्येक प्लेटवरच नव्हे, मिथायलेशन मोजणाऱ्या प्रत्येक चिपवर गट, स्त्री-पुरुष आणि वयं मिसळलेली हवीत. एपिक नावाच्या चिपवर आठच सॅम्पल्स बसतात, त्यामुळे हे आधी कागदावर मांडावं लागतं. क्रम संगणकाकडून काढून घ्या आणि काही सॅम्पल्स मुद्दाम दोन प्लेट्सवर ठेवा. 'आमच्याकडे सगळं आपोआप होतं' असं लॅबवाले म्हणतील. तरी लेआउटची फाइल मागाच.

आता घड्याळं. होर्वाथचं २०१३ चं घड्याळ डीएनएवरच्या ३५३ जागांवरून जन्मतारखेचं वय छान ओळखतं, पण निरोगी म्हातारपण मोजायला मी ते घेणार नाही. ग्रिमएज या दुसऱ्या घड्याळात धूम्रपानाचा अंदाज आतच धरलेला आहे. एका गटात विड्या-सिगारेटी जास्त असतील तर 'वंशाचा फरक' म्हणून तुम्ही तंबाखूच मोजत बसाल. डुनेडिनपेस हे म्हातारपणाचा वेग मोजणारं घड्याळ ज्यांच्यावरून बेतलं ते न्यूझीलंडमध्ये १९७२-७३ साली जन्मलेले, बहुतेक युरोपीय वंशाचे लोक. म्हणून ते टाकाऊ ठरत नाही, पण तुमच्या तिन्ही गटांत ते सारखंच चालतं हे गृहीत धरू नका.

रक्तातल्या पेशींचं प्रमाणही बघा. आफ्रिकी वंशाच्या बऱ्याच लोकांत डफी-नल जनुकप्रकारामुळे न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मुळातच कमी असतात. हा काही आजार नव्हे, पण मिथायलेशनचे आकडे हलतात. आणि मूत्रपिंडाचं ईजीएफआर (रक्त गाळण्याचा अंदाजित वेग) काढणार असाल तर सगळ्यांना २०२१ चं वंशाचा गुणक नसलेलं सूत्र लावा. जुन्या नोंदीतले तयार आकडे उचलू नका.

विषयांतर होतंय, पण हाताच्या पकडीची ताकद आणि चालण्याचा वेग मोजलात का? नसेल तर अजून मोजा. महागड्या चिपपेक्षा माझा त्यांच्यावर जास्त भरवसा आहे, हे कुणाला आवडो न आवडो.

आमचं काय झालं म्हणाल, तर उरलेलं डीएनए मागायला पुन्हा त्याच कार्यालयात गेले. जेवढं मिळालं तेवढं नीट मिसळून परत चालवलं. साडेतीन वर्षांचा फरक एका वर्षाच्याही आत आला, आणि तोही खात्रीने सांगण्यासारखा नव्हता.

लेआउट तयार झाला की ओळख पटेल असं सगळं काढून फक्त गट, वय आणि प्लेटचे रकाने टाका. नळ्या रवाना व्हायच्या आत बघून सांगते.