प्राध्यापक आणि नगरसेवक: रूडोल्फ फिरखो यांच्याविषयी वाचकांचे प्रश्न

डॉक्टरांनी राजकारणात पडावे का, या प्रश्नाला गेल्या अंकात उत्तर देताना आम्ही जर्मन विकृतिशास्त्रज्ञ (पॅथॉलॉजिस्ट) रूडोल्फ फिरखो (१८२१–१९०२) यांचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर अनेक वाचकांनी अधिक माहिती विचारली आहे. त्यांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न: मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षात शिकते. पॅथॉलॉजीत आम्हाला ‘व्हर्चोज ट्रायड’ (शिरेत रक्ताची गुठळी होण्यामागची तीन कारणे) आहे, तर पीएसएमच्या (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाच्या) तासाला ‘वैद्यक हे सामाजिक शास्त्र आहे आणि राजकारण म्हणजे मोठ्या प्रमाणावर केलेले वैद्यकच’ हे वाक्य हमखास ऐकवले जाते. ही दोन्ही एकाच माणसाची आहेत का? असल्यास शवविच्छेदनगृहातला माणूस असे वाक्य लिहिण्यापर्यंत कसा आला? — एक विद्यार्थिनी, मिरज

होय, आपले ‘व्हर्चो’ ते हेच फिरखो, आणि या दोन गोष्टींमध्ये फार वर्षांचे अंतरही नाही. शिरेत धरलेली रक्ताची गुठळी सुटून वाहत जाते आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकते, हे त्यांनी बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात शवविच्छेदने आणि प्रयोग करून दाखवले, तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या आसपास होते. त्याच सुमारास प्रशिया या जर्मन राज्याच्या ताब्यातील अपर सायलेशिया या बहुतांशी पोलिश बोलणाऱ्या प्रदेशात पीक बुडाले, उपासमार सुरू झाली आणि पाठोपाठ टायफसची साथ आली. वृत्तपत्रांतून ओरड झाल्यावर सरकारने फेब्रुवारी १८४८ मध्ये एका ज्येष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्याला पाहणीसाठी पाठवले आणि त्यांच्याबरोबर २६ वर्षांच्या फिरखो यांनाही धाडले.

सरकारची अपेक्षा तापाविषयीच्या अहवालाची होती. फिरखो यांनी तापाचे वर्णन बारकाईने केलेच, पण त्याखेरीज तेथील घरे, एकाच खोलीत झोपणारी माणसे, बटाट्यावर चाललेला निर्वाह, जमीनदारांची पकड, लोकांची भाषा न जाणणारे सरकारी अधिकारी आणि शाळांची दुरवस्था यांचीही नोंद केली. त्यांनी सुचवलेल्या उपायांत औषधांना दुय्यम स्थान होते. लोकांना पूर्ण लोकशाही हक्क मिळावेत, शिक्षण त्यांच्या भाषेत मिळावे आणि ते चर्चच्या हातून काढून घ्यावे, कराचा बोजा गरिबांवरून श्रीमंतांवर न्यावा, रस्ते बांधावेत, शेती सुधारावी, अशा त्यांच्या मागण्या होत्या. टायफस उवांमुळे पसरतो हे शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये दाखवले. म्हणजे फिरखो यांना रोगाचा वाहक ठाऊक नव्हता, आणि तरीही दाटीवाटी, अस्वच्छता आणि उपासमार यांवर साथ पोसली जात आहे, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. या अहवालाचे गुणगान करणारे एक गोष्ट मात्र वगळतात. त्यातील पोलिश शेतकऱ्यांचे वर्णन सुशिक्षित बर्लिनकराच्या वरच्या पायरीवरून केलेले आहे; आळस आणि घाण हे शब्द तेथे मोकळेपणाने येतात, फक्त त्यांचे खापर ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या दडपशाहीवर फोडतात.

फिरखो मार्चमध्ये बर्लिनला परतले आणि थोड्याच दिवसांत शहरात क्रांती पेटून रस्तोरस्ती बंडखोरांचे अडथळे (बॅरिकेड) उभे राहिले. त्या अडथळ्यांवर ते स्वतःही होते. जुलैत त्यांनी वैद्यकीय सुधारणेसाठी एक साप्ताहिक सुरू केले, आणि आपण ऐकलेले वाक्य त्याच साप्ताहिकात नोव्हेंबर १८४८ मध्ये, गरिबांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांविषयीच्या लेखात आले. क्रांती फसली, साप्ताहिक वर्षभरात बंद पडले, शारिटेतील जागाही धोक्यात आली, आणि १८४९ च्या अखेरीस त्यांना व्यूर्त्सबुर्ग विद्यापीठात प्राध्यापकपद स्वीकारून बर्लिन सोडावे लागले. तेथील सात वर्षे ते राजकारणापासून दूर राहिले. रोगाचे मूळ पेशींत शोधणाऱ्या त्यांच्या पेशीविकृतिशास्त्राची बैठक याच काळात तयार झाली. १८५६ मध्ये बर्लिनने त्यांना सन्मानाने परत बोलावले, तेव्हा स्वतंत्र विकृतिशास्त्र संस्था उभारून मिळावी ही त्यांची अट मान्य झाली होती.

प्रश्न: सुंदर वाक्ये लिहिणारे डॉक्टर आपल्याकडेही कमी नाहीत. या गृहस्थांनी राजकारणात राहून प्रत्यक्ष केले काय? — नगरपालिकेतील एक निवृत्त अभियंता, सोलापूर

आपला प्रश्न रोखठोक आहे, आणि आमच्या मते फिरखो यांचे खरे मोठेपण याच प्रश्नाच्या उत्तरात आहे. १८४८ चे ते वाक्य सगळ्यांना पाठ असते. पण त्यांनी शहराचे आरोग्य बदलले ते १८५९ मध्ये बर्लिनच्या नगरसभेवर निवडून आल्यावर. ही जागा त्यांनी मृत्यूपर्यंत, म्हणजे ४३ वर्षे सांभाळली. याच काळात ते विद्यापीठात शिकवत होते, संस्था चालवत होते, संशोधन-नियतकालिकाचे संपादन करत होते, १८६१ मध्ये प्रागतिक पक्षाच्या संस्थापकांपैकी एक झाले, पुढच्या वर्षी प्रशियाच्या विधिमंडळात गेले आणि १८८० ते १८९३ राइश्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेतही बसले. एवढे सगळे एका माणसाने कसे निभावले हा प्रश्न बाजूला ठेवू. आपल्याला रस असेल तो गटारांमध्ये.

तेव्हाचे बर्लिन झपाट्याने फुगत होते. १८६० च्या सुमारास पाच लाखांच्या आसपास असलेली लोकवस्ती १९०० मध्ये जवळजवळ एकोणीस लाखांवर गेली. नळाचे पाणी १८५६ पासून मिळू लागले होते, पण सांडपाणी वाहून नेण्याची सोय नव्हती, त्यामुळे पाण्याचा वापर जसा वाढला तशी रस्त्याकडेची उघडी गटारे अधिकच तुंबू लागली. मैला खड्ड्यांत साठे आणि गाड्यांतून बाहेर जाई. उपाय कोणता, यावर तज्ज्ञांतच दुफळी होती. भूमिगत वाहिन्या टाकून सगळे स्प्रे नदीत सोडावे, असे एक मत होते. मैला हे शेताचे खत आहे, ते पाण्यात बुडवणे हा अपराध आहे, असे दुसरे, आणि या दुसऱ्या बाजूला थोर रसायनशास्त्रज्ञ लीबिख यांच्या नावाचे वजन होते. घरमालकांना अर्थातच खर्चाची चिंता होती.

शहराने नेमलेल्या समितीत फिरखो यांनी हा प्रश्न प्रयोगशाळेतल्या प्रश्नासारखा हाताळला. भूजलाची पातळी, पाऊस, जमिनीचा प्रकार, घराघरांतील मृत्यूंची नोंद यांचे अभ्यास झाले. मृत्यूच्या आकड्यांत तर त्यांनी स्वतः डोके घातले. १८७३ मध्ये त्यांनी समितीचा सर्वसाधारण अहवाल सादर केला आणि अभियंता जेम्स होब्रेख्ट यांच्या योजनेवर शिक्कामोर्तब झाले. शहराचे बारा स्वतंत्र विभाग पाडायचे, प्रत्येकाचे सांडपाणी उताराने त्या विभागाच्या पंपगृहाकडे आणायचे आणि तेथून दाबनळांनी शहराबाहेर नगरपालिकेने विकत घेतलेल्या शेतांवर सोडायचे, अशी ती योजना होती. नदी वाचली, खतही वाया गेले नाही. एखादा विभाग आधी, एखादा नंतर, असे टप्प्याटप्प्याने काम करण्याची सोय झाल्यामुळे नगरसभेला दरवर्षी झेपेल एवढाच खर्च मंजूर करावा लागला. या व्यावहारिक बाजूचे महत्त्व आपल्याला सांगायला नको. वाहिन्या जसजशा घरांना जोडल्या गेल्या तसतसे टायफॉइडचे मृत्यू घटत गेले.

दुसरे काम मांसाचे. डुकराच्या मांसातील ट्रिकिना नावाचा सूक्ष्म कृमी माणसाचा जीव घेऊ शकतो, हे १८६० च्या आसपास त्सेंकर, लॉइकार्ट आणि फिरखो यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. १८६५ मध्ये हेडर्सलेबेन या गावात तीनशेहून अधिक लोक आजारी पडून सुमारे शंभर दगावले. तरीही सक्तीच्या तपासणीला खाटकांचा कडवा विरोध होता. फिरखो यांनी सामान्य लोकांसाठी पुस्तिका लिहिली, सभांमधून बोलले आणि नगरसभेत वर्षानुवर्षे हा विषय लावून धरला. अखेर १८८१ मध्ये बर्लिनचा मध्यवर्ती कत्तलखाना सुरू झाला आणि मांस सूक्ष्मदर्शकाखालून जाऊ लागले. फ्रीडरिक्सहाइन आणि मोआबिट येथील नगरपालिका रुग्णालयांच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता.

मोठ्या सभागृहांतली त्यांची कामगिरी इतकी निर्मळ नाही. जर्मनीचा चान्सलर बिस्मार्क याच्या कॅथलिक चर्चविरुद्धच्या मोहिमेला त्यांनी उत्साहाने साथ दिली आणि तिला पुढे रूढ झालेले ‘कुल्टुरकाम्फ’ (संस्कृतीसाठीचा लढा) हे नाव प्रचलित करण्यातही त्यांचाच हात होता. १८८३ मध्ये कामगारांच्या आजारविम्याचा कायदा आला, तेव्हा त्यांच्या प्रागतिक पक्षाने विरोधात मत दिले. सरकारने लोकांच्या जीवनात इतके शिरू नये, ही त्या उदारमतवाद्यांची भूमिका होती. तरुणपणी जे सरकारकडून मागितले, त्याचा एक भाग बिस्मार्कसारख्या प्रतिस्पर्ध्याच्या हातून येताना फिरखो यांच्या पक्षाला तो नकोसा झाला, हे आम्हाला त्यांच्या राजकारणातले सर्वांत अवघड पान वाटते.

प्रश्न: बिस्मार्कने द्वंद्वाचे आव्हान दिले, तेव्हा फिरखो यांनी शस्त्र म्हणून दोन सॉसेज पुढे ठेवली, त्यांपैकी एकात ट्रिकिना होते, ही गोष्ट खरी आहे का? — एक वाचक, फोंडा

आव्हान खरे आहे. १८६५ मध्ये प्रशियाच्या विधिमंडळात फिरखो यांनी बिस्मार्कच्या सत्यनिष्ठेविषयी शंका घेतली, बिस्मार्कने द्वंद्वाची भाषा केली आणि फिरखो यांनी नकार दिला. सॉसेजची गोष्ट पुढे जोडली गेलेली दंतकथा आहे. तत्कालीन आधार तिला नाही.

प्रश्न: रोग जंतूंमुळे होतात या जंतुसिद्धान्ताला त्यांनी विरोध केला, असे वाचले. मग सार्वजनिक आरोग्याच्या बाबतीत त्यांना इतके श्रेय का द्यावे? — एक खाजगी वैद्यकीय व्यावसायिक, जळगाव

‘विरोध’ हा शब्द पूर्णपणे बरोबर नाही, पण चुकीचाही नाही. जंतू असतात आणि ते रोगाशी संबंधित असतात, हे फिरखो नाकारत नव्हते. जंतू म्हणजेच रोग हे समीकरण त्यांना मान्य नव्हते, कारण रोग पेशींत घडतो आणि पेशींची तग धरण्याची ताकद माणसाच्या राहणीवर अवलंबून असते, असा त्यांचा विचार होता. या भूमिकेची किंमत मोजावी लागली. क्षयाची गाठ आणि फुप्फुस झिजवणारा क्षय हे दोन वेगळे रोग आहेत, या मतावर ते अडून राहिले. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू दाखवून दिल्यावरही त्यांचे स्वागत थंडच होते. प्रसूतिताप डॉक्टरांच्या अस्वच्छ हातांवाटे पसरतो, हे सेमेलवाइस या डॉक्टरांचे म्हणणेही त्यांनी वेळेवर मानले नाही. विद्यापीठातील अधिकार आणि राजकारणातील वजन एकाच व्यक्तीकडे एकवटले की तिची चूक सहसा कोणी अडवत नाही, हे येथे दिसते.

पण त्याच संशयी वृत्तीची दुसरी बाजूही पाहावी. १८९० मध्ये कॉख यांनी ट्युबरक्युलिन हे क्षयावरील औषध म्हणून जाहीर केले, तेव्हा रुग्णांची बर्लिनकडे रीघ लागली आणि सरकारही भारावले. जानेवारी १८९१ मध्ये फिरखो यांनी, हे औषध टोचल्यानंतर दगावलेल्या रुग्णांची शवविच्छेदने करून, क्षय बरा न होता कित्येकांमध्ये शरीरात अधिक पसरल्याचे दाखवले. औषधाविषयीची आशा त्यानंतर ओसरत गेली. ट्युबरक्युलिनचा उपयोग पुढे निदानापुरता उरला, हे आपण जाणताच.

प्रश्न: मी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो. आज येथे असे दुहेरी जीवन शक्य आहे का? — एक सहयोगी प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर

आपल्या पदावर राहून नाही. प्रशियात सरकारी विद्यापीठाचा प्राध्यापक निवडणूक लढवू शकत असे आणि सरकारविरुद्ध बोलूनही खुर्चीवर राहू शकत असे, निदान १८५० च्या दशकानंतर. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मात्र शासकीय कर्मचाऱ्याला राजकीय पक्षाचे सदस्यत्व आणि निवडणुकीतील सहभाग, दोन्हींची मनाई करतात. पक्ष ही फिरखो यांची निम्मी ताकद होती. ती आपल्याला सेवेत असेपर्यंत मिळणार नाही.

उरलेली निम्मी, म्हणजे आकडे गोळा करून शहरासमोर ठेवण्याची, आपल्या विभागाकडे आहे. आपल्या वैद्यकीय अभ्यासक्रमात पीएसएमला जे स्थान आहे, त्यामागे देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ मधील शिफारशी आहेत. समाजाभिमुख डॉक्टर घडवावा, हा तिचा आग्रह होता, आणि सामाजिक वैद्यकाचे इतिहासकार हेन्री सिगेरिस्ट या समितीच्या कामासाठी १९४४ मध्ये भारतात येऊन गेले होते. दुसरे असे, की राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता हे विषय नगरपालिकांकडे सोपवण्याजोगे म्हणून स्पष्ट नोंदले आहेत. म्हणून विधानसभेपेक्षा महापालिकेच्या आरोग्य आणि पाणीपुरवठा खात्यांशी आपल्या विभागाचा कायमचा संबंध जोडणे, वॉर्डनिहाय काविळीच्या आणि अतिसाराच्या नोंदी जलवाहिन्यांच्या नकाशावर मांडणे आणि ते अंदाजपत्रक ठरण्याआधी आयुक्तांच्या टेबलावर पोहोचवणे, हे आपल्याला आजही करता येईल. सेवानिवृत्तीनंतर इच्छा टिकली, तर महापालिकेत निवडणुकीशिवाय जाण्याची एक वाट आहे: विशेष ज्ञान किंवा प्रशासकीय अनुभव असलेल्या व्यक्तीला स्वीकृत नगरसेवक म्हणून घेता येते. मात्र तेथे मतदानाचा हक्क नसतो आणि नावे पक्षांच्या संख्याबळानुसार ठरतात, त्यामुळे कोणत्या तरी गटनेत्याचे दार आपल्याला ठोठवावेच लागेल.