पीककर्जाचा तोटा उशिरा दिसतो

मुंबईच्या बीकेसीत, बँकेच्या ऑफिसात बसून पीककर्जाचा तोटा मोजायला घेतला आहेस, तर आधी हे बघ: मराठवाड्यात पाऊस दडी मारतो त्या वर्षी तुझ्या तक्त्यात फारसं काही दिसणार नाही. कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकल्यावरच एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक, होतं. त्यातच आपत्ती जाहीर होऊन पुनर्गठन झालं, म्हणजे फेडीची मुदत पुढे ढकलली, की खातं कागदावर धडधाकट! म्हणून पुनर्गठित खाती वेगळी काढ आणि पुढची दोन-तीन वर्षं त्यांच्या मागावर राहा. खरा तोटा बहुधा तिथेच निघतो.

गारपीट आणि दुष्काळ एका रकान्यात टाकू नकोस. गारपीट चार गावं झोडपते. दुष्काळ अख्खा जिल्हा बुडवतो, मग कर्ज हजार जणांत वाटलेलं असूनही जोखीम वाटली जात नाही. तारणावरही विसंबू नकोस. महाराष्ट्रात शेतजमीन सहसा शेतकरीच घेऊ शकतो, आणि अशा वर्षी घेणाऱ्याचाही खिसा रिकामाच.

पीकविमा २०२० च्या खरिपापासून कर्जदाराला ऐच्छिक आहे, सगळ्यांनी काढलाय असं धरू नकोस. आणि पावसाचे आकडे तालुक्याचे नको, महसूल मंडळाचे, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटाचे घे. एकाच तालुक्यात एक मंडळ भिजतं, शेजारचं कोरडं राहतं.