बेंच प्रेस वाढली, तरी पिचिंगचा वेग का वाढत नाही?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वय 16, ज्युनिअर कॉलेजच्या बेसबॉल संघात पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा. सहा महिन्यांत बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून बार वर ढकलणं) 40 किलोवरून 65 वर गेली, रोज 5 किलोमीटर पळतोस. तरी चेंडूचा वेग आहे तिथंच आणि हल्ली फेकताना कोपर आतून दुखतं. व्यायामात काय बदलायचं?

आधी कोपराचं बघ, जिम कुठं पळून जात नाही. कोपराच्या आतल्या बाजूला जे हाडाचं टोक बोटाला लागतं, तिथली वाढीची पट्टी या वयात अनेकदा पुरती जुळलेली नसते. फेकताना मागे गेलेला हात पुढे यायला लागतो, त्या क्षणी ताण नेमका याच बाजूवर येतो. दाबल्यावर दुखत असेल तर फेकणं आजपासून बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. करंगळीत नि तिच्या शेजारच्या बोटात मुंग्या येत असतील तर तेही सांग, कारण त्या टोकामागूनच एक नस जाते. दुखरं कोपर ‘मजबूत करायला’ डंबेल मारणं किंवा स्प्रे मारून सामना काढणं, दोन्ही महागात पडतं. याच बाजूचं लिगामेंट (हाडं एकमेकांना बांधणारा पट्टा) गेलं की करतात ती ‘टॉमी जॉन’ शस्त्रक्रिया. डॉ. फ्रँक जोब यांनी 1974 मध्ये डॉजर्स या अमेरिकी संघाच्या टॉमी जॉन नावाच्या पिचरवर ती पहिल्यांदा केली आणि तो पुढे 1989 पर्यंत खेळला. त्यामुळे ऑपरेशननंतर हात नवा होतो असा पोरांचा समज आहे. परत यायला वर्षाच्या आसपास किंवा जास्तच लागतं, आणि सगळे परत येत नाहीत.

आता वेग. बेसबॉलचं वजन 142 ते 149 ग्रॅम. एवढीशी वस्तू ढकलायला 65 किलोची छाती लागत नाही, क्रम लागतो. मागचा पाय ढकलतो, पुढचा रोवून थांबतो, कंबर वळते, मागोमाग छाती, आणि हात सगळ्यात शेवटी येतो. मोठ्या पिचरचा दंड खांद्यात आतल्या बाजूला सेकंदाला 7000 अंशांच्या आसपास वेगाने फिरतो. चेंडू सुटल्यावर हे फिरणं थांबवायचं काम खांद्यामागचे छोटे स्नायू करतात. तू सहा महिने ना पाय-कंबरेच्या इंजिनवर काम केलंस, ना या ब्रेकवर.

शिवाय बेंचवर झोपलास की खांद्याची पाती बाकाखाली दाबली जातात. फेकताना हीच पाती बरगड्यांवरून सरकायला हवीत. जोर काढताना ती मोकळी राहतात, म्हणून पिचरला तालमीतले जोर बेंचपेक्षा कामाचे. बेंच हवीच असेल तर जमिनीवर पडून डंबेलने कर. डिप्स (दोन दांड्यांवर हात टेकून अंग खाली-वर करणं) आणि डोक्यावर बार ढकलणं मात्र सोड. आणि ढकलण्याच्या प्रत्येक सेटला ओढण्याचे दोन सेट हवेत: डंबेल रो, केबल रो. कोपर शांत झाल्यावर हे सुरू करायचं.

सामने नसतात त्या काळात आठवड्यात तीन दिवस पुरेत. एक दिवस गॉब्लेट स्क्वॉट (डंबेल छातीशी धरून बैठका), 4 सेट, 6 वेळा. दुसऱ्या दिवशी मागचा पाय बाकावर ठेवून स्प्लिट स्क्वॉट, दर पायाला 8, असे 3 सेट. तिसऱ्या दिवशी रोमानियन डेडलिफ्ट (बार हातात धरून, पाठ सरळ ठेवून पुढे झुकणं आणि उठणं), 3 सेट, 8 वेळा. प्रत्येक सेट असा संपव की आणखी दोन वेळा जमलं असतं. सगळे आकडे नीट पूर्ण झाले की पुढच्या आठवड्यात वजन 2.5 किलोने चढव. मानेवर बार घेऊन बैठका नकोत. बार धरायला हात मागे वळतो आणि फेकताना आधीच ताणलेल्या जागी आणखी ताण बसतो.

डेडलिफ्टमध्ये बहुतेकांची कंबर वाकते, म्हणून आधी झाडूचा दांडा पाठीवर उभा धर. डोक्याची मागची बाजू, पाठ आणि माकडहाड, तीन ठिकाणी टेकलेला हवा. दोन्ही हातांत पिशव्या असताना दार ढुंगणाने लोटतोस, तसं ढुंगण मागे ने. गुडघे जरासे वाकलेले, नडग्या जवळजवळ उभ्या. एखाद्या जागी दांडा सुटला की समज, वाकलास ती कंबर. सलग 10 वेळा न सुटता जमेपर्यंत बारला हात नको.

वेगाशी सगळ्यात जवळचं काम मेडिसिन बॉलचं. 2 किंवा 3 किलोचा बॉल घे, भिंतीला बाजू करून हाताच्या अंतरापेक्षा थोडा लांब उभा राहा, मागच्या पायावर वजन घे आणि कंबर आधी वळवून बॉल भिंतीवर आपट. दोन्ही बाजूंनी 5-5, 3 सेट, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती, आणि हे वजनं उचलण्याआधी, ताजा असताना. पोरं 6 किलोचा बॉल घेतात, मग तो फेकला न जाता लोटला जातो. दुसरी चूक कंबर आणि खांदे एकदम वळण्याची. बाजूने व्हिडिओ काढलास की लगेच दिसतं. बॉल विकत घ्यायचा नसेल तर जुन्या बास्केटबॉलमध्ये तोलून दीड-दोन किलो वाळू भर, भोक नीट चिकटव. काठोकाठ भरलास तर 10 किलोच्या वर जाईल. मुद्गल हलका असेल तर तयारीला छान. पैलवानाचा जड मुद्गल पिचरने लांबूनच बघावा.

ब्रेकसाठी कुशीवर पड, फेकायचा हात वरच्या बाजूला, काखेत गुंडाळलेला नॅपकिन, कोपर काटकोनात. 1 किलोचं डंबेल सावकाश वर, त्याहून सावकाश खाली, 15 वेळा, 3 सेट. 2 किलोवर गेलास तरी भरपूर. 5 किलो उचललंस की पाठ कलते, मोठे स्नायू काम खातात आणि ज्यांना द्यायचं ते उपाशी राहतात. नॅपकिन पडला तर तो सेट मोजू नकोस.

पळण्याचं: रोजचे 5 किलोमीटर बंद कर. सामन्यानंतर लांब पळून ‘लॅक्टिक ॲसिड काढणं’ ही जुनी समजूत. ते तासाभरात आपोआप उतरतं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या बारीक इजेचं असतं. एक चेंडू फेकायला एक-दोन सेकंद लागतात, मग विश्रांती. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये 2023 पासून पिचरसाठी घड्याळ लावलंय, त्यातही बेसवर धावणारा कोणी नसताना दोन चेंडूंमध्ये 15 सेकंद मिळतात. म्हणून 20 ते 30 मीटरच्या 6 ते 8 धावा पूर्ण जोरात काढ, मध्ये दोन मिनिटं. बेस ते बेस 27.43 मीटर, मैदानावरच होऊन जाईल.

हे सगळं करून चेंडूंची मोजणी ठेवली नाहीस तर उपयोग नाही. अमेरिकेच्या ‘पिच स्मार्ट’ नियमांत 15-16 वयाला दिवसाला जास्तीत जास्त 95 चेंडू. 31 ते 45 फेकलेस तर एक दिवस सुट्टी, 60 पर्यंत दोन, 75 पर्यंत तीन, त्यापुढे चार. वर्षात चार महिने सामन्यातलं पिचिंग बंद, त्यातले सलग दोन-तीन महिने खांद्यावरून काहीच फेकायचं नाही. हे पाळणं सगळ्यात अवघड, कारण कोच दुसऱ्या दिवशी कॅचर, म्हणजे पिचरचे चेंडू झेलणारा, म्हणून उभा करतो. कॅचरही दिवसभर फेकतोच. सामने सुरू झाले की वजनं दोन दिवसांवर आण, सेट निम्मे कर, किलो तेवढेच ठेव. पायांचा जड दिवस पिचिंगच्या दुसऱ्या दिवशी, आदल्या दिवशी कधीच नको. वजनदार चेंडू फेकायचे कार्यक्रम ऑनलाइन पुष्कळ विकतात. त्यांनी वेग वाढतो, कोपरंही जातात. तुझ्या सध्याच्या कोपराला तर अजिबात नको.

वेग आहे तिथंच, हे कशावरून ठरवलंस? रडार गन नसेल तर मोबाइलवर सेकंदाला 240 फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ बाजूने काढ. चेंडू हातातून सुटल्यापासून कॅचरच्या ग्लोव्हमध्ये पडेपर्यंतच्या फ्रेम मोज आणि 14,690 ला त्या आकड्याने भाग. 133 फ्रेम आल्या तर ताशी साधारण 110 किलोमीटर, 122 आल्या तर 120. यात चेंडूने 17 मीटर अंतर कापलं असं धरलंय आणि वेग सरासरी आहे, म्हणून रडारपेक्षा कमीच दिसेल. चूक दर वेळी तीच राहते, त्यामुळे फरक कळतो. कोपर बरं होऊन फेकायला परवानगी मिळाल्यावर, ताज्या हाताने, महिन्यातून एकदा, 5 चेंडूंची सरासरी काढ.