हबवर चार फोन, आणि पुसला गेला मामांचा

प्रश्न : ताई, नमस्कार. मी रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ राहतो. आम्ही दोघं मित्र होडीवाल्यांसाठी मासळीचा आणि डिझेलचा रोजचा हिशेब ठेवणारं अँड्रॉइड ॲप करतोय. टेबलावरच्या यूएसबी हबला चाचणीचे तीन फोन लावलेले असतात. जुना डेटा पुसून ॲपची नवी बिल्ड, म्हणजे ताजी आवृत्ती, घालायला मी एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली आहे. ती एडीबीकडून, म्हणजे संगणकावरून अँड्रॉइड फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाकडून, ‘एडीबी डिव्हायसेस’ ही जोडलेल्या फोनांची यादी घेते, मथळ्याची ओळ सोडते आणि ‘हेड’ने पहिला फोन उचलते. मे महिन्यात मामांनी आपला फोन चार्जिंगसाठी त्याच हबला लावला. मामा तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, आहेत, आमचं ॲप ते खरोखर वापरतात, आणि त्यांच्या फोनवर डीबगिंग, म्हणजे एडीबीच्या आज्ञा मानायची परवानगी, मीच चालू करून ठेवलं होतं. यादीतल्या पहिल्या फोनची केबल त्या दिवशी सैल होती. स्क्रिप्टने मामांचा फोन धरला आणि तीन आठवड्यांच्या नोंदी गेल्या. आता होड्या वर ओढल्या आहेत. नारळी पौर्णिमेच्या आत स्क्रिप्ट सुधारायची आहे. कशी सुधारू?

उत्तर : आधी मामांकडे जा. डिझेलच्या पावत्या आणि लिलावाच्या चिठ्ठ्या घरात असतील तर त्यांच्या शेजारी बसून जमेल तेवढं पुन्हा भरून द्या. स्क्रिप्ट त्यानंतर.

चूक त्या एका ‘हेड’मध्ये आहे. एकाहून जास्त फोन जोडलेले असले आणि कोणता ते सांगितलं नाही, तर एडीबी ‘मोअर दॅन वन डिव्हाइस’ अशी तक्रार करून थांबतं. ते थांबणं आपल्या भल्याचं असतं. तुम्ही पहिली ओळ उचलून ते बंद केलंत. यादीतला एक फोन निसटला की दुसरा पहिला होतो, आणि स्क्रिप्टला त्याचा पत्ताही लागत नाही.

मी मालवणात घरून चाचणीचं काम करते. माझ्याकडे एक साधी मजकुराची फाईल आहे, तिला मी हजेरीपट म्हणते. एका रकान्यात सिरियल क्रमांक, दुसऱ्यात नाव. नावं अशी : ‘फुटक्या काचेचा’, ‘लाल मोटो’, ‘अण्णांचा जुना सॅमसंग’. तीच नावं फोनच्या पाठीवर पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने लिहिली आहेत. स्क्रिप्ट पडद्यावर सिरियल क्रमांकाबरोबर ही नावं दाखवते, त्यामुळे हातातला फोन आणि पडद्यावरची ओळ जुळते की नाही ते एका नजरेत कळतं. जो फोन हजेरीपटावर नाही त्याचा डेटा ती कधीच पुसत नाही, जोडलेला तो एकटाच असला तरी. मामांचा फोन तुमच्या पटावर लिहू नका. बाकी सगळं विसरलात तरी एवढं करा.

आता यादी वाचण्याबद्दल. ‘ग्रेप’ने शब्द शोधण्यापेक्षा ‘ऑक’ने दुसरा रकाना तपासा आणि तिथे नेमकं ‘डिव्हाइस’ असेल तरच तो फोन घ्या. तिथे ‘अनऑथराइज्ड’ असेल तर फोनच्या पडद्यावर परवानगीची चौकट कोणीतरी दाबायची राहिली आहे. ‘ऑफलाइन’ असेल तर मी आधी केबल बदलून बघते. आपल्या खाऱ्या हवेत केबलच्या पिना किती लवकर हिरव्या पडतात ते तुम्हाला मी सांगायला नको. असे फोन यादीतून गुपचूप गाळू नका, कारणासकट दाखवा. नाहीतर ‘चौथा फोन कुठे गेला’ म्हणून तासभर जातो.

निवडीसाठी बॅशमधला, म्हणजे तुमची स्क्रिप्ट चालवणाऱ्या शेलमधला, ‘सिलेक्ट’ पुरेसा आहे. तो क्रमांक घातलेली यादी दाखवून उत्तराची वाट बघतो. त्याची यादी त्रुटींच्या वाटेने, म्हणजे स्टँडर्ड एररवर छापली जाते. त्यामुळे निवडलेल्या फोनचा सिरियल क्रमांक तुम्ही साध्या आउटपुटवर छापून सुखाने पकडू शकता, दोन्हींची सरमिसळ होत नाही. पटावरचा एकच फोन जोडलेला असेल तर न विचारता तोच घ्या. एकही नसेल तर संदेश देऊन शून्याखेरीज कोडने बाहेर पडा, म्हणजे पुढची पायरी चालणार नाही.

यादीत प्रत्येक फोनची अँड्रॉइड आवृत्तीही दाखवावीशी वाटेल. ती ‘गेटप्रॉप’ने मिळते, पण इथे एक खड्डा आहे, आणि मी त्यात एक अख्खी दुपार घालवली आहे. ‘व्हाइल रीड’च्या फेऱ्यात ‘एडीबी शेल’ चालवलं की ते फेऱ्यासाठी ठेवलेल्या उरलेल्या ओळी स्वतःच वाचून टाकतं. तीन फोन जोडलेले, पडद्यावर एकच. मी हब बदलला, केबली बदलल्या, आणि दोष होता त्या एका ओळीत. ‘एडीबी शेल’ला ‘-एन’ जोडा, किंवा त्याचं इनपुट ‘डेव्ह नल’कडे, म्हणजे कायम रिकाम्या असलेल्या फाईलकडे, वळवा.

निवड झाल्यावर प्रत्येक आज्ञेला ‘-एस’ आणि सिरियल क्रमांक लावून फोन सांगत बसू नका, एखाद्या ठिकाणी राहून जातंच. ‘अँड्रॉइड_सिरियल’ या नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, मूळ इंग्रजी नाव मोठ्या लिपीत, एक्सपोर्ट करा. ‘-एस’ दिलेला नसेल तेव्हा एडीबी तोच मानतं. मात्र वेगळी स्क्रिप्ट चालवून केलेला एक्सपोर्ट ती संपताच जातो, तुमच्या टर्मिनलपर्यंत येत नाही. म्हणून निवडीचा भाग ‘बॅशआरसी’मध्ये, म्हणजे टर्मिनल उघडताना बॅश वाचतं त्या फाईलमध्ये, फंक्शन म्हणून ठेवा. मी प्रॉम्प्टमध्येही, म्हणजे टर्मिनलवर आज्ञा लिहितो त्या ओळीच्या सुरुवातीला, निवडलेल्या फोनचं नाव दाखवते. ‘लाल मोटो’ असं डोळ्यांसमोर असलं की हात आपोआप सावध राहतो.

एक अडचण कदाचित तुम्हालाही येईल. काही स्वस्त फोनांचे सिरियल क्रमांक सारखेच असतात. माझ्याकडे तशी एक जोडी आहे. अशा वेळी ‘एडीबी डिव्हायसेस -एल’ चालवा. त्यात ‘ट्रान्सपोर्ट आयडी’ दिसतो आणि ‘-टी’ने तो देता येतो. केबल काढून लावली की तो बदलतो, त्यामुळे पटावर लिहून उपयोग नाही, त्या वेळेपुरता वापरा. मी तर त्या दोघांतला एकच फोन एका वेळी जोडते.

सगळं झालं की मामांचा फोन एकदा मागून घ्या, नोंदींची प्रत आधी काढून ठेवा, तो एकटाच हबला लावा आणि स्क्रिप्ट चालवून बघा. ‘हा फोन पटावर नाही’ असं म्हणून ती थांबली पाहिजे.