ऑफिससाठी लिनक्स सर्व्हर: पैसे कुठे घालायचे
दहा माणसांच्या फायली ठेवायच्या, सांबा (विंडोजच्या कॉम्प्युटरना या फायली नेटवर्कवरून उघडून देणारा प्रोग्रॅम) चालवायचा, एवढंच काम असेल तर प्रोसेसरवर पैसे उधळू नका. चार कोअरचा साधा प्रोसेसर बहुतेक वेळ झोपाच काढेल. रॅम ८ जीबी पुरते; व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरच्या आत चालणारे वेगवेगळे कॉम्प्युटर) चालवायच्या असतील तर १६ किंवा ३२ घ्या, आणि मदरबोर्डाला चालत असेल तर ईसीसी, म्हणजे स्वतःच्या चुका पकडून दुरुस्त करणारी रॅम.

खरा विचार करायचा तो डिस्कचा. सारख्या क्षमतेच्या दोन घ्या आणि रेड १ करा, म्हणजे प्रत्येक फाईल दोन्ही डिस्कवर लिहिली जाईल. डिस्क सीएमआर (डेटाचे पट्टे एकमेकांवर न चढवता लिहिणारी) आहे ना, हे आधी डेटाशीटमध्ये बघा. एसएमआर डिस्क (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) रेड पुन्हा बांधताना, म्हणजे बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी घालून तिच्यावर सगळं परत लिहिताना, रडकुंडीला आणते. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे! चुकून डिलीट केलेली फाईल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. बॅकअपला वेगळी डिस्क हवीच, आणि अधूनमधून तिच्यावरची एखादी फाईल खरंच उघडते का ते बघत जा. ‘स्मार्ट’च्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीच्या, अहवालात ‘रीअलोकेटेड सेक्टर’चा (खराब झाल्यामुळे बदललेल्या जागांचा) आकडा वाढायला लागला की डिस्क बदला, वाट बघत बसू नका.

गिगाबिट लॅनवर सेकंदाला जेमतेम ११० एमबी मिळतात, त्यामुळे नुसत्या फायलींसाठी महागडी, अतिवेगवान एनव्हीएमई डिस्क वाया जाते. यूपीएस मात्र यूएसबी पोर्टवाला आणि लिनक्सशी जुळणारा घ्या, म्हणजे बॅटरी संपत आली की सर्व्हर आपला आपण नीट बंद होईल. ग्राफिक्स कार्ड? अजिबात नको.