पानं भरपूर, कळी एकही नाही

प्रश्न : ताई, माझा मोगरा तीन वर्षांचा आहे. कुंडी मोठी आहे, रोज पाणी घालते, अधूनमधून युरियाही देते. पानं हिरवीगार, फांद्या लांबच लांब. पण गेल्या हंगामात फुलं जेमतेम पाच-सहा आली, यंदा तर एकही कळी नाही. सकाळी दोन तास ऊन मिळतं. काय कमी पडतंय?

उत्तर : ऊन कमी पडतंय. बाकी सगळं जास्तच होतंय. युरियात 46 टक्के नत्र असतं आणि नत्रानं पालाच माजतो. तो आजपासून बंद करा.

मोगऱ्याला कळी लागते ती नव्या फुटव्याच्या शेंड्यावर. तुमच्या झाडावर जुन्या फांद्याच लांबत गेल्या आहेत, म्हणून त्याला आता कात्री हवी. थंडी ओसरू लागली की आधी पाणी तोडा. फळबागेत बहर धरताना झाडाला ताण देतात, तसाच हा ताण. पानं मलूल दिसू लागली की थांबायचं. कुंडीत माती थोडी, त्यामुळे रोज बोट घालून पाहा, झाड पार वाळू देऊ नका. मग प्रत्येक फांदी निम्म्यावर, डोळ्याच्या म्हणजे फुटवा निघतो त्या जागेच्या किंचित वर कापा. वाळक्या आणि बारीक काड्या बुडापासून काढा. उरलेली पानंही हातानं खुडा. झाड अगदी बोडकं दिसेल आणि तुम्हाला वाईट वाटेल, मलाही दरवर्षी वाटतं. तरी छाटणी अर्धवट सोडू नका.

त्यानंतर वरची माती हलकेच उकरून चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठभर हाडांचा चुरा मिसळा, एकदा भरपूर पाणी द्या. पुढे माती वरून सुकली की मगच. रोजच्या पाण्याची सवय सोडा.

उन्हाच्या बाबतीत मात्र तडजोड नको. थेट ऊन निदान पाच-सहा तास हवं. कुंडी आहे, हलवता येते, हे तुमचं भाग्यच. त्याच सावलीत ठेवून छाटलीत तर पुन्हा नुसता पाला येईल.

हवा उबदार असेल तर साधारण दीड महिन्यात फुटव्यांच्या टोकाला कळ्या दिसू लागतील. पहिला बहर सरला की फुलून गेलेले शेंडे दोन-तीन पानांसकट खुडा. बाजूनं नवे फुटवे येतात आणि त्याच हंगामात पुन्हा कळ्या धरतात.